पडदा काळा पडतो तेव्हां

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या मुलांस एक नवा छंद लागला आहे. तयार संगणक विकत न आणतां त्याचे सुटे भाग एकेक करून जमवावयाचे, आणि दिवाळीच्या अथवा मे महिन्याच्या सुटींत घरच्या जेवणाच्या टेबलावर ते जोडून यंत्र उभें करावयाचें, असा हा छंद आहे. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जाऊन दुकानांमागून दुकानें पालथीं घालणें आणि भाव विचारून वहींत टिपून घेणें हें तर त्यांना जत्रेसारखें वाटतें. आम्हांस हा छंद आवडतो, हें आधींच सांगून टाकतों. परंतु ह्या छंदांत एक क्षण असा येतो कीं, त्या क्षणीं मुलाचा चेहरा उतरतो व वडिलांचा आवाज चढतो. कळ दाबली जाते, पंखे गरगर फिरूं लागतात, दिवे लागतात, आणि मॉनिटरचा पडदा मात्र काळाच राहतो. ह्या काळ्या पडद्यापुढें मुलांनीं कसें वागावें आणि पालकांनीं कसें वागावें, ह्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें आहे.

प्रथम घडलेली हकीगत सांगतों. नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुटींत असा संगणक जोडला. वडिलांचा पगार बेताचा. वर्षभर थोडे थोडे बाजूस टाकलेले पैसे त्यांनीं ह्या कामीं दिले होते. महाग ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचें नाहीं, प्रोसेसरच्या पोटांतच जें अंगभूत ग्राफिक्स असतें त्यावर अभ्यासाचें व थोडें चित्रें काढण्याचें काम भागवावयाचें, असा शहाणपणाचा बेत होता. सर्व जुळलें, कळ दाबली, पंखे फिरले. पडद्यावर ‘सिग्नल नाहीं’ एवढे दोन शब्द आले आणि थोड्या वेळानें तेहि गेले. मुलानें दोन दिवस सुचेल तें केलें. तिसऱ्या दिवशीं वडील ती पेटी घेऊन शहरांतील एका दुकानांत गेले. दुकानदारानें दोन मिनिटें पाहिलें आणि मदरबोर्ड जळला आहे, नवा घ्यावा लागेल, असें सांगितलें. घरीं कोणी मुलाला मारलें नाहीं, कोणी फारसें बोललेंहि नाहीं. परंतु “तुझ्या हातीं दिलें हीच आमची चूक” एवढें एक वाक्य त्याच्या आईच्या तोंडून निघून गेलें. तें आम्हांस सांगतांना मुलगा खालीं पाहत होता.

सुटी संपल्यावर बाप-लेक दोघेहि ती पेटी घेऊन आमच्या प्रयोगशाळेंत आले. “सर, ह्यानें बोर्ड जाळला आहे. दुसरा घ्यावा कीं सगळेंच मोडींत काढावें, तेवढें सांगा,” असें वडील म्हणाले. आम्हीं मुलास विचारलें, “प्रोसेसरचा खोका ठेवला आहेस का?” खोका घरीं होता, तो दुसऱ्या दिवशीं आला. त्यावर ‘कोअर आय५-१२४००एफ’ असें छापलेलें होतें.

ह्या एका ‘एफ’नें सर्व घोटाळा केला होता. इंटेल कंपनीच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाशेवटीं ‘एफ’ असतें, त्यांत चित्र तयार करणाऱ्या भागाची सोय मिळत नाहीं. आय५-१२४०० ह्यांत यूएचडी ग्राफिक्स ७३० नांवाचा भाग आहे. आय५-१२४००एफ ह्यांत तो नाहीं. एरव्हीं दोघे सख्खे भाऊ. ‘एफ’वाला थोडा स्वस्त पडतो, आणि विकतांना “तोच आहे, उलट स्वस्त आहे” असें मुलास सांगण्यांत आलें होतें. मदरबोर्डाच्या पाठीमागें एचडीएमआयचें पोर्ट होतें हें खरें. पण तें पोर्ट म्हणजे केवळ नळाची तोटी. टाकींतच पाणी नसेल तर तोटी कितीहि फिरविली तरी काय उपयोग? शाळेच्या एका संगणकांतलें चालू ग्राफिक्स कार्ड काढून आम्हीं त्या पेटींत बसविलें, केबल कार्डाला लावली, आणि पडदा उजळला. बोर्ड जळला नव्हता. मुलानें कांहींहि बिघडविलें नव्हतें. बिघडलेलें असें त्या पेटींत कांहीं नव्हतेंच.

त्या दुकानदारास आम्ही लबाड म्हणत नाहीं. त्याची चूक एका जुन्या, आणि एके काळीं खऱ्या असलेल्या, समजुतींतून झाली असावी. १९९९ सालीं इंटेलनें ८१० नांवाचा चिपसेट काढला, तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें हें अंगभूत ग्राफिक्स मदरबोर्डावरच्या चिपमध्यें असे. ज्यांनीं जी३१, जी४१ ह्या जातीचे बोर्ड हाताळून धंदा शिकला, त्यांच्या दृष्टीनें बोर्डाला पोर्ट आहे म्हणजे बोर्ड चित्र काढणारच, आणि काढीत नसेल तर बोर्ड मेला, हा हिशेब अगदीं बरोबर होता. पुढें २०१० सालीं हा भाग प्रोसेसरच्या आवरणांत आला आणि २०११ सालीं प्रोसेसरच्याच चिपेंत सामावला. तेव्हांपासून बोर्डावरचें पोर्ट पाहून कांहींच सिद्ध होत नाहीं. प्रोसेसरचें नांव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावें लागतें. एएमडी कंपनीचा रिवाज उलटा. तिच्या रायझेन ५००० पर्यंतच्या मालिकांत ज्याच्या नांवांत ‘जी’ असेल त्यांतच ग्राफिक्स असे. ५६००जी ह्यांत आहे, ५६०० ह्यांत नाहीं. २०२२ सालच्या ७००० मालिकेपासून बहुतेकांत थोडेंसें ग्राफिक्स दिलेलें असतें, पण तेथेंहि ७५००एफ सारखा अपवाद आहेच. एकीकडे एक अक्षर असलें म्हणजे वस्तु नाहीं, दुसरीकडे एक अक्षर असलें म्हणजे वस्तु आहे! नांवें ठेवणाऱ्यांना ग्राहकांची दया येत नसावी.

आतां आमचें मुख्य म्हणणें. पडदा काळा पडला कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो ‘काय विकत आणावें’ हा. दुसरा निघतो तो ‘कोणीं बिघडविलें’ हा. आमच्या मतें हे दोन्ही प्रश्न मागाहूनचे आहेत, आणि पुष्कळ वेळां ते विचारावेच लागत नाहींत. पहिला प्रश्न असा असावा: चित्र कोठवर आलें? चित्र प्रोसेसरमध्यें जन्मतें, रॅममध्यें मांडलें जातें, बोर्डावरून पोर्टांत येतें, पोर्टांतून केबलींत, केबलींतून मॉनिटरांत. ह्या वाटेवर तें कोठें तरी थांबलें आहे. टपाल हरवलें तर आपण पोस्टमनला लगेच चोर म्हणत नाहीं. पेटींतून निघालें का, गांवच्या कचेरींत पोहोंचलें का, असें एकेक ठाणें विचारीत जातों. येथेंहि तसेंच जावें, आणि जातांना ज्याला पैसे लागत नाहींत तें आधीं पाहावें.

ह्या कामीं शेवटच्या ठाण्यापासून उलट येणें बरें. येथें आमच्याच फजितीची कबुली देतों. प्रयोगशाळेंतील एक संगणक सकाळपासून चित्र देईना. आम्हीं रॅम काढून बसविली, बोर्डाची बॅटरी काढली, एका सहकाऱ्यांनीं तर नव्या बोर्डाचा भावहि विचारून ठेवला. मधल्या सुटींत सहावींतील एक मुलगी डोकावली आणि मॉनिटरखालची कळ दाबून म्हणाली, “सर, ह्याचा इनपुट व्हीजीएवर आहे, केबल तर एचडीएमआय आहे.” त्यानंतर आम्ही मॉनिटर आधीं पाहतों. केबलीचेंहि तसेंच. एचडीएमआयमधून व्हीजीए काढावयाचें तर साधी जोडतार चालत नाहीं, आंत रूपांतर करणारी चिप असलेला कनव्हर्टर लागतो. आणि स्वस्त कनव्हर्टर हा आमच्या अनुभवांत मदरबोर्डापेक्षां फार लवकर मरतो.

वेगळें ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रांत एक निराळीच गंमत होते. कार्ड बसविलें कीं पुष्कळ बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपण होऊन बंद करतात; मुलगा मात्र संवयीनें केबल बोर्डालाच लावतो आणि काळ्या पडद्याकडे पाहत बसतो. कार्ड आलें कीं केबल कार्डावर गेली पाहिजे, एवढाच ह्याचा उपाय. ह्याच्या उलटहि घडतें. दहावींतील एका मुलीनें बायोसमध्यें जाऊन अंगभूत ग्राफिक्स हातानें बंद केलें होतें. पुढें कार्ड बिघडलें म्हणून तें काढलें, तर दोन्हीकडून अंधार. तेव्हां विजेची वायर भिंतींतून काढून, बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी दहा मिनिटें बाहेर ठेवली. बोर्ड आपल्या मूळ मांडणीवर आला आणि चित्रहि आलें.

अंगभूत ग्राफिक्सच्या बाबतींत रॅमचा विचार विशेष करावा लागतो, आणि तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वेगळ्या कार्डाला त्याची स्वतःची रॅम असते. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःचें घर नाहीं. तें संगणकाच्या मुख्य रॅमच्या ओसरीवर बिऱ्हाड करून राहतें. म्हणूनच ८ जीबी रॅम बसविली असतांना विंडोज वापरावयास त्याहून कांहीं कमी असल्याचें दाखवितें. ‘रॅम कमी दिली’ अशी तक्रार घेऊन एक पालक आमच्याकडे आले होते. उरलेला भाग चित्रासाठीं राखलेला असतो हें समजल्यावर ते हंसले. पट्ट्या दोन असल्या तर रॅमकडे जाण्याच्या वाटा दोन होतात, आणि १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षां ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांवर अंगभूत ग्राफिक्स अधिक जलद चालतें. पण पट्टी जर खोबणींत अर्धवट बसली असेल, तर पंखे फिरत राहतात आणि यंत्र जागचें हलत नाहीं. अशा वेळीं पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडेवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हातानें फिरवावें, भुगा झटकून टाकावा आणि दोन्ही टोंकांवर सारखा दाब देऊन खट् असा आवाज येईपर्यंत ती बसवावी. चार खोबणींच्या बोर्डांत एकच पट्टी असेल तर ती बहुधा प्रोसेसरकडून मोजतां दुसऱ्या खोबणींत, दोन असल्यास दुसऱ्या व चौथ्या खोबणींत जाते. बोर्डाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत ह्याची आकृति असते. पण ती पुस्तिका खोक्यांतून बाहेर निघालेली आम्हीं क्वचितच पाहिली आहे.

रॅमच्या बाबतींत धीर हाहि उपाय ठरतो. डीडीआर५ रॅमच्या यंत्रांत, विशेषतः २०२२ सालीं आलेल्या एएमडीच्या एएम५ जातीच्या बोर्डांत, प्रथम चालू करतांना बोर्ड रॅमची पारख करीत बसतो, आणि तोंवर पडदा कांहीं मिनिटें काळाच असतो. घाबरून वीज बंद करणाराला तें सर्व पुनः पहिल्यापासून सोसावें लागतें. यंत्र चालू ठेवून दहा मिनिटें चहा घ्यावा.

तसेंच प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची एक वेगळी जोडणी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यांत असते, ती विसरली जाते. पंखे तरीहि फिरतात, कारण त्यांची वीज चोवीस पिनांच्या मोठ्या जोडणींतून येते. आणि पंखा फिरतो म्हणजे सर्व ठीक आहे असें घरचे समजतात. शिवाय हल्लींच्या पुष्कळ बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, त्यांजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट अशीं नांवें छापलेलीं असतात. यंत्र ज्या ठाण्यावर अडलें असेल तेथील दिवा लागून राहतो. नववीच्या त्या मुलाच्या बोर्डावरील व्हीजीएचा दिवा पहिल्या दिवसापासून लागलेला होता. “मला तो शोभेचा वाटला,” असें तो म्हणाला. त्यांत त्याचा दोष नाहीं. हल्लीं ह्या पेट्यांना शोभेचे दिवे इतके असतात कीं कामाचा दिवा त्यांत ओळखूं येणें कठीण.

आणखी एक खूण फार उपयोगाची आहे. यंत्र सुरू होतांना बोर्डाच्या कंपनीचें चिन्ह दिसतें, बायोसचा पडदा दिसतो, आणि विंडोज येतां येतां चित्र जातें, असें झालें तर आनंद मानावा. चित्राची सारी वाट धड आहे. दोष बहुधा ड्रायव्हरांत किंवा मॉनिटरला न पेलणाऱ्या मांडणींत आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ह्या चार कळा एकदम दाबल्या तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानें सुरू होतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर सेफ मोडमध्यें जाऊन जुना ड्रायव्हर काढावा आणि प्रोसेसरच्या कंपनीकडचा नवा घालावा. चित्र आहे पण अक्षरें ढोबळ व ताणलेलीं दिसतात, आणि यंत्र ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असें नांव सांगतें, ह्याचाहि अर्थ खरा ड्रायव्हर अद्याप बसलेला नाहीं इतकाच. अशा यंत्राचा बोर्ड कोणी बदलावयास सांगूं लागला तर पालकांनीं खुशाल उठून यावें.

आमच्या ह्या मतावर आक्षेप आहेत, ते आम्हांस ठाऊक आहेत. कित्येक पालक म्हणतात, मुलांच्या हातीं वीज देऊं नये. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. भिंतींतील २३० व्होल्ट ज्या डब्यांत शिरतात तो एसएमपीएस, आणि मॉनिटरचें पोट, हीं कोणाहि विद्यार्थ्यानें कधींहि उघडूं नयेत. ह्या बाबतींत आमच्या प्रयोगशाळेंत क्षमा नाहीं. परंतु त्या डब्याच्या बाहेर, पेटींत जी वीज फिरते ती १२ व्होल्टांपलीकडे जात नाहीं. मुख्य वायर काढली, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगांतील स्थिर वीज घालविली, म्हणजे रॅमची पट्टी काढणें हें विळीवर भाजी चिरण्याहून धोक्याचें नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, तयार संगणक घेतला असतां तर हें कांहींच झालें नसतें. खरें आहे. तयार डबा घेतला तर स्वयंपाकहि करावा लागत नाहीं. ज्यांना नुसता संगणक हवा त्यांनीं तयार घ्यावा, त्यांत कमीपणा नाहीं. पण ज्या मुलानें स्वतः जोडण्याचें मनावर घेतलें आहे, त्याचें यंत्र पहिल्या दिवशीं अडलें म्हणून त्याचे हात काढून घेऊं नयेत. त्या दिवशींच तर त्याला तें यंत्र खरें समजावयाचें असतें.

मात्र मुलांचीहि एक खोड आम्हांस मुळींच खपत नाहीं. ती म्हणजे एकाच दमांत दहा गोष्टी बदलणें. रॅम हलवावयाची, त्याच वेळीं केबल बदलावयाची, बायोसमध्यें चार ठिकाणीं बोटें घालावयाचीं, आणि मग चित्र आलें तर “आलें!” म्हणून नाचावयाचें. कशानें आलें? सांगतां येत नाहीं. आणि आठवड्यानें पुनः गेलें म्हणजे पुनः तोच गोंधळ. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, काय केलें व काय दिसलें हें वहींत लिहावें, न जमल्यास ती गोष्ट पूर्ववत् करून मगच दुसरीस हात घालावा. वडिलांनीं “काय मोडलेंस?” असें न विचारतां “काय काय पाहिलेंस?” असें विचारावें, वही असली म्हणजे मुलाजवळ उत्तर असतें, आणि नसली म्हणजे त्याला तेथेंच कळतें.

नवीन यंत्र जोडणाऱ्यांस विचाराल तर आम्ही असें सांगूं कीं, पुढें कार्ड घ्यावयाचें ठरलेलें असलें तरी प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्सचाच घ्यावा, मग कांहीं रुपये अधिक पडोत. तें ग्राफिक्स कोनाड्यांतल्या कंदिलासारखें आहे. रोज लागत नाहीं. पण कार्ड बिघडलें त्या रात्रीं तोच कंदील दाखवितो कीं बिघडलें तें कार्डच, दुसरें कांहीं नाहीं. आमचे कांहीं सहकारी हें मत उधळेपणाचें समजतात. त्यांचीं कार्डें अद्याप बिघडलीं नाहींत.

नववीच्या त्या मुलाच्या दुकानदारानें खोका फोडलेला प्रोसेसर परत घेतला नाहीं. अकरावीच्या एका माजी विद्यार्थ्याजवळ स्वतःचें ग्राफिक्स कार्ड होतें, त्याला तो ‘एफ’वाला चालण्यासारखा होता; त्यानें तो थोड्या कमी किंमतींत घेतला. वडिलांनीं वर कांहीं रक्कम घालून साधा आय५-१२४०० आणला. मुलानें तो प्रयोगशाळेंतच बसविला, सॉकेटाच्या पिनांना बोट न लावतां, आमच्यापैकीं कोणाचाहि हात लागूं न देतां. वडील बाजूस उभे होते. पडद्यावर चित्र आल्यावर त्यांनीं प्रथम घरीं फोन लावला आणि तो मुलाच्या हातीं दिला.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यांतील कपाट आम्हीं ह्याच कामासाठीं राखलें आहे. त्यांत चालू असल्याची खात्री केलेली डीडीआर४ रॅमची एक पट्टी, एक ग्राफिक्स कार्ड, दोन एचडीएमआय केबली व एक जुना मॉनिटर आहे. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर कपाट उघडें असतें. डिस्प्लेपोर्टची चांगली केबल आणि डीडीआर५ ची एखादी पट्टी मात्र आमच्याजवळ नाहीं. ज्या पालकांच्या घरीं ह्या वस्तु पडून असतील त्यांनीं त्या मुलाबरोबर पाठवाव्या, आणि पाठवितांना त्या चालू आहेत कीं नाहींत हें चिठीवर लिहावें.